मालवणला जाण्यापूर्वी मास्कबद्दल थोडंसं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो होतो. आपल्या वर्ध्याच्या मुलांनी पाणी पाहिलेलं असतं ते पवनारला धाम नदीचं, फार तर बोर धरणाचं. समोर समुद्र, त्यात सिंधुदुर्ग किल्ला, आणि पाण्याखाली जाऊन मासे बघायची सोय! थोरली आठवीत आहे, तिने घरूनच हट्ट धरला होता. आम्हीही हो म्हटलं.

बोटीवर तिने स्कार्फ नेहमीसारखा कपाळावर पुढे ओढून घट्ट बांधला होता. तिथल्या मुलाने वरून मास्क चढवला. पाण्यात तोंड घालताच मास्कमध्ये पाणी शिरलं. त्याने पट्टा आवळला. आणखी पाणी आलं. पुन्हा आवळला. तिसऱ्या वेळी नाकात खारं पाणी गेलं, तिने तोंडातली हवेची नळी सोडली, जबर ठसका लागला आणि शिडीला लटकून ती रडतच वर आली. शेजारच्या बाई सहज म्हणाल्या, "स्कार्फ काढला असता तर जमलं असतं." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण रात्री मुलगी मला म्हणाली, "अम्मी, म्हणजे हे आपल्यासाठी नसतंच का?" त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी एका वयस्क प्रशिक्षकांना सगळं सांगितलं. त्यांनी मास्क हातात घेऊन त्याची मऊ सिलिकॉनची कड दाखवली. ही कड सगळीकडून थेट कातडीला चिकटली पाहिजे. मध्ये कापड आलं की पाणी येणार. केसांची एक बट आली तरी येणार. म्हणजे अडचण स्कार्फची नव्हती, कडेखाली आलेल्या त्याच्या अर्ध्या इंचाची होती. पोहण्याची अंगाला घट्ट बसणारी टोपी किंवा हूड घालायचा, त्याची किनार कपाळावर थोडी वर सरकवायची, मास्क कातडीवर टेकवायचा आणि पट्टा हूडवरून घ्यायचा. एवढंच. केस, मान, कान सगळं झाकलेलं राहतं.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. पाणी आलं की आवळा, हे अगदी उलटं आहे. जास्त आवळल्याने कड दुमडते, वाकडी होते आणि फट वाढते. मास्क जागेवर राहील इतपतच पट्टा हवा, आणि तो डोक्याच्या मागे फुगीर भागावर, मानेवर घसरलेला नको. पाण्यात उतरल्यावर बाहेरच्या पाण्याचा दाबच मास्कला चेहऱ्यावर धरून ठेवतो.

मुलीच्या अब्बांना दाढीची काळजी होती. दाढीने काही बिघडत नाही, कारण मास्कची खालची कड नाकाखाली, वरच्या ओठावर बसते. अडचण मिशांची. सुन्नतीप्रमाणे मिशा बारीक कातरलेल्या असल्याने त्यांचं काम सोपं झालं. त्यांचा चष्मा मात्र बोटीतच राहिला, कारण चष्म्याच्या दांड्या कडेखालून जातात. नंबरच्या काचा बसवलेले मास्क मिळतात, ते आधी विचारून घ्यावेत.

पोहण्याचा साधा गॉगल इथे चालत नाही, हेही मुलांना समजावून सांगा. १० मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. मास्कमधली हवा दबते आणि मास्क चेहरा ओढू लागतो. नाक आत असलं की नाकातून थोडी हवा सोडून ते सावरता येतं. थोडं पाणी आत आलं तरी घाबरायचं नाही. मास्कची वरची कड हाताने कपाळाशी दाबायची, मान थोडी वर करायची आणि नाकातून हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं. मुलीला मी म्हटलं, वुजू करताना नाक शिंकरतेस ना, तसंच, फक्त हळू आणि लांब. तिला लगेच कळलं. त्या दिवशी ती अल्हम्दुलिल्लाह खाली गेली आणि मासे बघून आली.

पुढच्या सुट्टीसाठी आम्ही तिला स्वतःचा मास्क घेतला. घेताना महाग-स्वस्त बघू नका, चेहरा बघा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकातून हळूच श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर मास्क तसाच चिकटून राहिला तर तो आपला. काच टेम्पर्ड हवी, साधी काच फुटली तर डोळ्यांशी खेळ.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो, त्यामुळे काच सारखी धुरकटते. जेल नसलेली साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने आतून चोळायची आणि धुवायची. असं दोन-तीनदा. तरीही पाण्यात उतरण्याआधी काहीतरी लावावं लागतंच. बोटीवर सर्रास काचेला थुंकी लावतात. ऐकून आमच्या घरात "शी!" झालं. ज्यांना नको वाटतं त्यांनी बेबी शॅम्पूचा एक थेंब पाण्यात मिसळून लावावा आणि किंचित खंगाळावं. चेहऱ्याला त्या दिवशी क्रीम, तेल काही नको.

समुद्रातून आल्यावर मास्क गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, कडेच्या घडीतलं मीठ आणि वाळू काढा, सावलीत पूर्ण वाळवा. ओला ठेवला तर सिलिकॉनवर काळे डाग धरतात. आणि कृपा करून गच्चीवर वाळत घालू नका. आपल्याकडचं मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन पट्ट्याला आणि कडेला सोसत नाही. वाळला की त्याच्याच कडक डब्यात ठेवावा. वर पुस्तकं, बॅगा रचल्या तर कड वाकडी होते आणि तशीच राहते. काळ्या रबराच्या वस्तू शेजारी ठेवल्या तर पारदर्शक सिलिकॉनवर रंग उतरतो.

आमचा मास्क आता कपाटात डब्यात असतो. गेल्या आठवड्यात धाकट्याने तो काढून, लावून, माझ्यासाठी किलोभर कांदा चिरला. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पट्टा मात्र त्याने करकचून आवळला होता, गालावरचे वण मगरिबपर्यंत होते.