कुपनाची शहानिशा आणि गल्ल्यावरचा माणूस

दसरा ओलांडला की धुळे-सोलापूर महामार्गावरच्या आमच्या पाचोडसारख्या बाजारगावात दुकानांच्या गल्ल्यांपुढे जी वर्दळ सुरू होते, तिच्यात रोख रक्कम आणि मोबाईलवरून होणारा भरणा यांच्या जोडीला सवलतीचे कूपन हा तिसरा प्रकार आता चांगलाच रुळला आहे. मोसंबीच्या आडतीवरून पट्टी घेऊन आलेला शेतकरी, आठवडी बाजारासाठी आसपासच्या खेड्यांतून आलेली मंडळी, पैठण किंवा अंबडकडे जाता जाता घटकाभर थांबलेला परगावचा प्रवासी, या सर्वांच्या खिशात कुठल्या ना कुठल्या कंपनीचे, दुकानाचे किंवा योजनेचे कूपन असू शकते. आणि ते अस्सल की बनावट याचा निर्णय करण्याचे काम, कोणतीही शिकवण न देता, आपण गल्ल्यावर बसविलेल्या विशीतल्या मुलावर किंवा मुलीवर सोपवून निर्धास्त होतो. ही रीत अन्यायाची तर आहेच, परंतु धंद्याच्या दृष्टीनेही ती घातक आहे, हे किरकोळ व्यापारातील आमच्या बांधवांपुढे या अंकी स्पष्टपणे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

पारख ही गोष्ट मराठवाड्याच्या व्यापाऱ्यास नवी नाही. निजामाच्या अमलात या मुलखात हाली सिक्का चालत असे आणि सरहद्दीपलीकडच्या इंग्रजी मुलखात कलदार. सहा कलदारांस सात हाली या सुमाराच्या भावाने त्यांचा बट्टा हिशेबात धरावा लागे, आणि रुपया फरशीवर वाजवून, त्याची कड बोटाने चाचपून घेतल्याशिवाय मुनीम तो गल्ल्यात टाकीत नसे. पण नाण्याच्या खरेपणाचा पुरावा नाण्यातच असतो. चलनी नोटेचाही जलचिन्ह, सुरक्षा धागा, उठावदार छपाई या रूपाने नोटेतच असतो. कुपनाचे तसे नाही. कूपन हे कोणीतरी दिलेले वचन आहे, आणि ते वचन खरोखर दिले गेले होते काय, दिले असल्यास त्याची मुदत उरली आहे काय, व ते पूर्वीच एकदा वसूल झाले आहे काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वचन देणाऱ्याच्या दप्तरात असतात. म्हणून कूपन हाती आल्यावर विचारावयाचा पहिला प्रश्न ‘हा कागद कसा दिसतो’ हा नसून ‘याचे पैसे मला कोण देणार आणि ते देणार असल्याचे मला कोठे पाहता येईल’ हा आहे.

कागदाच्या दिसण्यावर विसंबण्याची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. अब्दुल करीम तेलगी याने नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रे हस्तगत करून जे बनावट मुद्रांक छापले, ते बँका आणि विमा कंपन्या यांसारख्या संस्थांतील मुरलेल्या माणसांच्या हातांखालून बिनदिक्कत गेले. २००१ साली त्याला अटक होईपर्यंत असंख्य व्यवहारांवर ते चिकटले होते. ज्यांचे आयुष्य दस्तऐवज हाताळण्यात गेले त्यांच्या डोळ्यांना जे दिसले नाही, ते महिन्यापूर्वी कामावर लागलेल्या मुलाला सणाच्या गर्दीत, मागे रांग ताटकळत असताना, दिसावे ही अपेक्षाच वाजवी नाही.

यंत्राचाही भरवसा मर्यादितच आहे. १८८७ च्या सुमारास अमेरिकेतील अटलांटा शहरी कोका-कोलाचा एक पेला फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, तेव्हापासून त्या देशात कुपनांचा व्यवहार अफाट वाढला. आणि त्याच देशात, व्हर्जिनिया राज्यात, घरच्या संगणकावर कुपने तयार करून समाजमाध्यमांतून विकणाऱ्या एका स्त्रीस २०२१ साली १२ वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. व्यापाऱ्यांचे आणि कंपन्यांचे नुकसान ३ कोटी १० लाख डॉलरांहून अधिक होते. तिची कुपने गल्ल्यावरच्या यंत्राने नाकारली नाहीत, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे: कुपनावरील बारकोडच्या पट्टीवरचे अंक कोणत्या कंपनीच्या, कोणत्या मालाचे व किती सवलतीचे कूपन आहे एवढे यंत्रास कळवितात, आणि ते अंक जुळले की यंत्र संमतीचा आवाज देते, कंपनीने असे कूपन काढले होते काय, हे विचारण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. वस्तूच्या किमतीइतकीच सवलत देणारे कूपन कोणती कंपनी कशासाठी काढील, हा विचार माणसानेच करावयाचा असतो.

आपल्याकडे हा प्रश्न ज्या रूपाने रोज उभा राहतो ते रूप रंगाच्या आणि पुट्टीच्या दुकानात जवळून पाहता येते. डब्याच्या झाकणाखालून किंवा पोत्यातून निघालेली टोकने रंगारी जमवितो, रुमालात बांधून दुकानात आणतो, आणि दुकानदार ती गल्ल्यातून वटवून पुढे कंपनीच्या प्रतिनिधीकडून भरपाई घेतो. प्रतिनिधीने टोकन नाकारले तर ती रक्कम दुकानदाराच्या माथी बसते. जाणता गल्लेवाला येथे काय करतो? तो टोकने फळीवर एका रांगेत मांडतो. डब्यातून निघालेल्या टोकनावर रंगाचा किंवा पुट्टीचा अंश कोठेतरी राहिलेलाच असतो, कडा दमटपणाने किंचित फुगलेल्या असतात. सगळीच टोकने कोरी करकरीत असतील तर तो थबकतो. मग तो क्रमांक वाचतो. वेगवेगळ्या कामांवर, वेगवेगळ्या खेपांतले डबे फोडून जमलेल्या टोकनांचे क्रमांक विखुरलेले असावयास हवेत. ते ओळीने आले, किंवा एकच क्रमांक दोनदा आला, तर डबे फुटलेच नाहीत असे समजण्यास जागा आहे. एवढे झाल्यावर तो रंगाऱ्याला विचारतो, “मिस्त्री, काम कुठं चालू हाय?” आणि हा प्रश्न चौकशीच्या सुरात नसून नेहमीच्या गप्पांतला असतो. आता पुष्कळ कंपन्यांनी टोकनावरचा संकेत मोबाईलने वाचून रक्कम थेट रंगाऱ्याच्या खात्यावर जमा करण्याची व्यवस्था केली आहे; जेथे ती आहे तेथे गल्ल्यातून रोख देण्याचा शिरस्ता आजच बंद करावा.

कागदी कुपनांचे एक मोठे क्षेत्र आता उरलेलेच नाही, हेही गल्ल्यावर ठाऊक असले पाहिजे. एका कंपनीने काढलेले आणि अनेक दुकानांत चालणारे कागदी भोजन-कूपन पूर्वी मुंबई-पुण्यात सर्रास चाले. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१७ नंतर अशी कागदी साधने काढण्यास मनाई केली. त्यानंतरच्या तारखेचे तसले कूपन कोणी पुढे केले तर पुढील तपासणीची गरजच नाही. दुकानाने स्वतःच्या दुकानापुरते काढलेले भेट-कूपन मात्र या निर्बंधात येत नाही, आणि म्हणून त्याची नक्कल होण्याचे भय कायम आहे. अशा कुपनावर क्रमांक घालावा, क्रमांकांची वही गल्ल्याशेजारी ठेवावी, व वसूल झालेल्या कुपनाचा कोपरा गिऱ्हाइकासमोरच कापावा. मोबाईलच्या पडद्यावर दाखविलेले चित्र हे कूपन नव्हे. तेच चित्र शंभर मोबाईलांवर असू शकते, आणि २०२१ साली डी-मार्टच्या वर्धापनदिनाची भेट म्हणून जो बनावट दुवा व्हॉट्सॲपवरून फिरला त्याने असे दुवे किती वेगाने पसरतात ते दाखवून दिले.

आता ज्या गोष्टीविषयी आम्हांस सर्वांत अधिक कळकळ वाटते तिच्याकडे वळतो. बनावट कूपन घेऊन येणारा प्रत्येक इसम ठक नसतो. कितीदा तरी तो स्वतःच फसविला गेलेला असतो. टपालाने एक लिफाफा येतो, आत एका प्रसिद्ध कंपनीच्या नावाचे, खरवडून पाहावयाचे कार्ड, खरवडले की मोटारीचे बक्षीस, आणि खाली एक फोन क्रमांक, ज्यावर कर व नोंदणी या नावाखाली आधी रक्कम भरावयास सांगितली जाते. अशी एखादी आजी कार्ड पदरात गुंडाळून ओळखीच्या दुकानात येते आणि म्हणते, “बाळा, हे खरं हाय का रं? पोरानं सांगितलं, आधी दुकानात दाखव.” त्या क्षणी गल्ल्यावरचा मुलगा हसला, किंवा ‘खोटं आहे, चला पुढं’ म्हणाला, तर ती बाई शरमून घरी जाईल आणि कदाचित त्याच क्रमांकावर पैसे भरील. तिला बाजूला बसवून, “आजी, हे कार्ड खरं नाही, ह्या नंबरावर एक रुपयाही पाठवू नका, आणि आधीच पाठवला असंल तर आत्ताच सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर, १९३० ला, फोन लावू,” असे सांगणे हे गल्ल्यावरचे काम आहे, आणि आमच्या मते ते विक्रीइतकेच मोलाचे आहे.

संशयित कूपन नाकारतानाही हीच वागणूक हवी. तपासणी कागदाची करावी, माणसाची नव्हे. गिऱ्हाइकाचे कपडे, बोली किंवा जात पाहून एकाचे कूपन उलटसुलट न्याहाळणे आणि दुसऱ्याचे न पाहता घेणे यासारखी नामुष्की नाही. “या कुपनाची नोंद आमच्याकडे मिळत नाही, म्हणून सवलत देता येत नाही; माल नेहमीच्या भावाने देतो,” हे वाक्य पुरेसे आहे, आणि रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणावे. कुपनाचे छायाचित्र विचारून घ्यावे व कागद परत द्यावा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ खाली आणि बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे कलम ३४० खाली येते, परंतु दोन्हींत माणसाचा हेतू किंवा जाणीव सिद्ध व्हावी लागते. केवळ संशयावरून गिऱ्हाइकास अडवून ठेवले, त्याची झडती घेतली, तर आरोपी दुकानदारच ठरू शकतो. तोच माणूस, किंवा तीच कुपने, फिरून येऊ लागली तर मात्र छायाचित्रे व तारखा घेऊन पोलीस ठाण्यात रीतसर फिर्याद द्यावी.

आणि एवढे सगळे ज्याने सांभाळावयाचे त्याच्या पगाराचे काय? पुष्कळ दुकानांत बनावट कूपन गल्ल्यात निघाले की ती रक्कम महिनाअखेरीस निमूटपणे कापून घेतली जाते. ज्या मुलाला ही कपात ठाऊक असते तो एकतर प्रत्येक गिऱ्हाइकाकडे चोर म्हणून पाहू लागतो, नाहीतर हाती आलेले खोटे कूपन लपवून प्रतिनिधीच्या गठ्ठ्यात दडपून देतो, आणि अशा रीतीने मालकाला कळावयास हवी ती खबर मालकापासूनच लपते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने, आणि आता २०१९ च्या वेतन संहितेनेही, नुकसान नोकराच्या प्रत्यक्ष हयगयीमुळे झाले असेल तरच, आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतरच, कपात करता येईल असे ठरविले आहे. ज्याला चालू योजनांची यादी दिली नाही, ज्याला क्रमांक पडताळण्याचे साधन दिले नाही, शंका आल्यास कोणाला विचारावयाचे हे ज्याला सांगितले नाही, त्याची हयगय कोणती? दिवाळीपूर्वी प्रत्येक मालकाने चालू असलेल्या सर्व कुपनांची नावे, मुदती आणि वसुलीची रीत एका पानावर लिहून गल्ल्याशी लावावी, ठराविक रकमेपुढील प्रत्येक कुपनास दुसऱ्या माणसाची सही लागेल असा नियम करावा, बनावट निघालेल्या कुपनाची माहिती त्याच संध्याकाळी पेठेतील इतर दुकानांस कळवावी, आणि नियम पाळूनही फसगत झाली तर तो तोटा दुकानाचा, असे गल्ल्यावरच्या माणसाला कामावर घेतानाच लेखी द्यावे.