तेराव्या वर्षाचे गाणे

स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या वडीलधाऱ्या माणसाला काय ऐकवावे, हा प्रश्न शुश्रूषा करणाऱ्या पुष्कळ घरांत पडतो. बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते: हरिपाठ, भजने, अभंग. वय झाले म्हणजे मन देवाकडेच वळणार, असे आपण गृहीत धरतो. पाचोडला माझ्या आत्यांच्या घरी हेच चालले होते. दिवेलागणीला त्या अस्वस्थ होत, “मला घरी जायचंय” म्हणून उंबऱ्यापाशी जाऊन उभ्या राहत. भजने लावली की हात जोडून बसत. पण घटकाभराने पुन्हा तेच.

एका संध्याकाळी माझ्या आतेभावाने ‘गीतमाला की छाँव में’ हे संकलन लावले. बिनाका गीतमालेतील वर्षावर्षांची गाणी अमीन सयानी यांच्या निवेदनासह त्यात गुंफलेली आहेत. ऐकता ऐकता 1966 साल आले. त्या वर्षी गीतमालेच्या वार्षिक क्रमवारीत पहिली आलेली ‘सूरज’ चित्रपटातील मोहम्मद रफींची रचना सुरू झाली आणि आत्यांची बोटे बाजेच्या कडेवर ठेका धरू लागली. पोटच्या मुलाला “तुम्ही कोणाचे?” असे विचारणाऱ्या आत्यांनी पुढचे कडवे अक्षरही न चुकता म्हटले. मग दबक्या आवाजात म्हणाल्या, “दार लोटून घे गं, अण्णा ओरडतील.”

अण्णा म्हणजे माझे आजोबा. 1966 साली आत्या तेरा वर्षांच्या होत्या. बुधवारी रात्री आठ वाजता ओसरीवर रेडिओ लागे. पुरुषमंडळी भोवती बसत आणि मुली दाराआडून ऐकत. 1952 मध्ये केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि कोलंबोहून रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवर देशभर ऐकू येई. सयानी श्रोत्यांना संबोधताना आधी बहिणींचे नाव घेत, मग भावांचे. दाराआड उभ्या असलेल्या मुलीला त्या आवाजाने पहिला मान दिला होता.

या अनुभवाला शास्त्राचा आधार आहे. साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंतच्या आठवणी उतारवयात अधिक ठळक राहतात. अल्झायमरमध्ये अलीकडच्या घटनांची स्मृती लवकर ढासळते. परिचित संगीताची स्मृती मात्र पुष्कळदा दीर्घकाळ टिकून राहते. संगीताने आजार बरा होत नाही, औषधेही थांबवावयाची नसतात. उदासीनता थोडी उतरते, बोलायला एक वाट सापडते, एवढीच अपेक्षा ठेवावी.

म्हणून गाणी निवडताना त्या व्यक्तीचे जन्मसाल घ्या, त्यात दहा ते पंचवीस मिळवा आणि त्या वर्षांची गाणी शोधा. नुसती ‘जुनी गाणी’ पुरेशी नाहीत. आपल्या आवडीची तर नव्हेतच. भजनांतच ज्यांचे तारुण्य गेले, त्यांच्यासाठी भजनेच योग्य. अस्वस्थतेची नेहमीची वेळ येण्याच्या थोडे आधी, वीसेक मिनिटे ऐकवावे. दूरचित्रवाणी बंद असावी, आवाज मध्यम असावा. श्रवणयंत्र असल्यास ते लावलेले आहे ना, हे पाहावे. शेजारी बसून आपणही ऐकावे. डोळ्यांत पाणी आले म्हणून लगेच बंद करू नये. पण मुठी आवळल्या, तोंड फिरवले, श्वास जलद झाला, तर थांबावे. प्रत्येक गाण्याला चेहरा कसा बदलला, याची वहीत नोंद ठेवावी. उद्या दुसरे कोणी शुश्रूषेला आले, तर ती वही त्यांच्या उपयोगी पडेल.

आत्यांची संध्याकाळची ‘घरी जायची’ घाई पूर्ण थांबलेली नाही. काही दिवशी गाणीही निरुपयोगी ठरतात. मात्र ते गाणे लागले की त्या दरवेळी एका मैत्रिणीला हाक मारतात आणि तिच्यासाठी बाजेवर थोडे सरकून जागा करतात. ती कोण, कोणत्या आळीतली, पुढे तिचे काय झाले, हे सांगू शकेल असे आता घरात कोणी उरलेले नाही. आतेभाऊ मला म्हणाला, “आईला तेरावं वर्ष होतं, हे मला कधी सुचलंच नाही. विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं.”

वाचकहो, आपल्या घरातली माणसे सांगू शकतात तोवर एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. तेराव्या वर्षी तुम्ही काय ऐकत होता आणि शेजारी कोण असे, एवढेच विचारा. आणि ते नाव लिहून ठेवा.