महाराजांचा देह, खानाचें माप

शिवछत्रपतींचा पुतळा जितका उंच तितकी भक्ति थोर, असा समज हल्लीं रूढ झाला आहे. आमच्या बखरींस तो मुळींच मान्य नाहीं. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिणारा सभासद प्रतापगडच्या भेटीचा (१६५९) प्रसंग सांगतो, तेव्हां महाराजांची मान खानाच्या काखेंत सांपडते. धिप्पाड देह खानाचा. महाराजांचें बळ सावधपणाचें. सुरतेचा इंग्रज पाद्री एस्कॅलियट यानेंहि १६६४ सालीं, प्रत्यक्ष पाहणारांच्या सांगण्यावरून, महाराज बेताच्या उंचीचे पण बांधेसूद व तीक्ष्ण नजरेचे असल्याचें लिहिलें आहे.

देहावरून सत्तेचा निवाडा करण्याची ही रीत आमचीच नव्हे. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाचें स्थूल प्रेत १०८७ सालीं शवपेटींत मावेना व फुटलें. नॉर्मंडींतील मठवासी ऑर्डेरिक यानें ही हकीकत ऐहिक वैभवाच्या नश्वरतेचा धडा म्हणून सांगितली.

मग आम्हींच महाराजांस खानाचें माप कां द्यावें? मालवणास डिसेंबर २०२३ मध्यें उभारलेला पुतळा ऑगस्ट २०२४ मध्यें कोसळला. त्यावर आमचें उत्तर काय, तर २०२५ सालीं त्याहून उंच पुतळा! पुतळे उभारणारांनीं एकदां आसनगावास उतरून समोरचा माहुलीगड पाहावा. १६७० सालीं त्याच्यावरील पहिला हल्ला फसला; त्याच वर्षीं मराठ्यांनीं तो घेतला. हें काम दंडाच्या घेराचें नव्हे. माघार पचवून पुन्हां चढणाऱ्या बुद्धीचें होय. तिची उंची फुटांनीं मोजतां येत नाहीं.