पनवेलच्या कातळात बुडालेल्या महासागराचा माग

पनवेल-उलवे परिसरातील डोंगर गेल्या काही वर्षांत झपाट्याने कापले गेले. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटनही झाले. आसपासच्या खाणींतील काळा दगड खडी होऊन रस्त्यांत आणि इमारतींत जातो. बाजारात त्याचा भाव ब्रासवर ठरतो. भूवैज्ञानिकांसाठी मात्र तो एका नाहीशा झालेल्या महासागराचा साक्षीदार आहे.

हा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचे थर थंड होत गेले, तेव्हा त्यातील मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कायमची नोंदली गेली. विषुववृत्तावर ही दिशा जमिनीला समांतर असते. ध्रुवाकडे जावे तसतशी ती अधिक तिरपी होते. म्हणून दगडातील कोन मोजला की तो कोणत्या अक्षांशावर थिजला, हे कळते.

दख्खनच्या खडकांची अशी मोजणी १९५०च्या दशकात सुरू झाली. तिचा निष्कर्ष असा, की लाव्हा वाहत होता तेव्हा हा प्रदेश सुमारे ३० अंश दक्षिण अक्षांशावर होता. आज पनवेल १९ अंश उत्तरेला आहे. म्हणजे या कातळाने उत्तरेकडे जवळपास ५,४०० किलोमीटर प्रवास केला.

वाटेत टेथिस महासागर होता. भारत पुढे सरकत गेला, तसा त्याचा तळ आशियाखाली गेला. सगळे अंतर पाण्याचे नव्हते. काही हिमालयाच्या घड्यांत आणि आशियाच्या आक्रसण्यात मुरले. पण किती महासागर गिळला गेला, याचा हिशेब मांडायला दख्खनचा दगड मदत करतो.

दुसरा पुरावा लडाखमध्ये आहे. खाली जाणारा सागरतळ आपल्याबरोबर पाणी नेतो. ते खोलवर सुटले की वरचे प्रावरण कमी तापमानालाच वितळते. अशा लाव्ह्यात नायोबियमचे प्रमाण कमी असते. द्रासच्या ज्वालामुखी खडकांत ही खूण सापडते. द्रास सांगते महासागर कुठे बुडाला. दख्खन सांगते भूमी कुठून आली.

पनवेलला आणखी एक महत्त्व आहे. माथेरानच्या डोंगरात जवळपास आडवे असलेले लाव्ह्याचे थर इथून पश्चिमेकडे, मुंबईच्या दिशेने कलतात. हे वळण जगभर ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणून ओळखले जाते. भारतापासून सेशेल्स तुटून अरबी समुद्र रुंदावला, त्या घडामोडीशी त्याचा संबंध जोडला जातो. एक महासागर मिटत असताना दुसरा उघडत होता, तो असा.

नेमका इथेच प्रश्न येतो. क्रशरमधून निघालेल्या दगडाचे वय प्रयोगशाळेत काढता येईल. पण तो कोणत्या दिशेला, किती कललेला होता, हे त्यावरून कळणार नाही. थर कललेले असल्याने तो कल वजा केल्याशिवाय चुंबकीय दिशाही बरोबर येत नाही. दगड जागेवर असतानाच ही नोंद होऊ शकते.

विकासासाठी खडी लागणारच. मात्र सुरुंगापूर्वी थरांचा कल मोजणे, दिशा नोंदवून नमुने काढणे आणि एखादी बोलकी दरड राखून ठेवणे, हे खाणीच्या परवान्याच्या अटींत बसवता येण्यासारखे आहे. डोंगर एकदा फुटला की ही मोजणी पुन्हा करता येत नाही.