छपरावरचे दगड

उन्हाळा उतरणीस लागला, की नागपुरास वावधानाची धास्ती असते. महालातील दाट गल्ल्यांत तर त्याची तयारीही ठरून गेली आहे. माडीवर चढविलेल्या टिनांवर चार दगड, दोन विटा, एखादे जुने टायर ठेवावयाचे आणि स्वस्थ झोपावयाचे! हा निर्धास्तपणा आम्हांस वादळाहून अधिक घातक वाटतो.

वारा छपरास दाबून मोडतो, ही समजूतच चुकीची आहे. कमी उताराच्या छपरावरून जाताना तो त्यास वर ओढतो. त्यातच वाऱ्याकडील दार उघडे पडले, म्हणजे आत शिरलेली हवा खालून रेटते. ही ओढ कडांशी, कोपऱ्यांशी व आढ्यालगत सर्वांत तीव्र. शिवाय वेग दुप्पट झाला, तर जोर चौपट होतो.

भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदास ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. समुद्रकाठच्या मुंबईसाठीही तेवढाच! या वेगाचा जोर चौरस मीटरला ११८ किलोंच्या घरात जातो. दाट वस्तीत तो कमी होतो हे खरे; पण अर्ध्या मिलिमीटरच्या टिनाचे वजन चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो. ही तूट विटांनी कशी भरावी? टीन उडाले, की त्याच विटा गल्लीतून जाणाऱ्याच्या मस्तकी येणार.

जुन्या कवेलूंचे गुणगान आम्हांस करावयाचे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर कौले आणि पत्रे दोन्ही उडविले. प्रश्न भाराचा नसून बांधणीचा आहे. पत्रा आडव्या दांड्यांस, दांड्या कैचीस व कैची भिंतीस पक्की जखडलेली हवी. साधा खिळा उपसून येतो. आकड्याचे बोल्ट, रुंद वायसरसह आणि कडेला अधिक जवळजवळ, बसविले पाहिजेत. हे मिस्त्रीस ठाऊक नसते असे नाही. त्यास कोणी विचारत नाही, इतकेच.

घरमालक अपुऱ्या भाड्याकडे बोट दाखवितो, भाडेकरू म्हणतो घर माझे नव्हे. महानगरपालिकेने दर वर्षी मृगापूर्वी अशा छपरांची पाहणी करावी, सैल टिनांबद्दल मालकास लेखी सूचना द्यावी आणि त्याने टाळाटाळ केल्यास काम स्वतः करवून खर्च त्याच्याकडून वसूल करावा.