पस्तीस हजारांचे सव्वीस आणि पहिले नव्वद दिवस

काँग्रॅट्स! ऑफर लेटर आलंय, आईने ते देवापुढे ठेवलंय, आणि बाबांनी सोसायटीच्या गेटवर चौघांना पगाराचा आकडाही सांगून टाकलाय. जॉइनिंगला अजून दहा-पंधरा दिवस आहेत. गोव्याचा प्लॅन असेल तर जरूर जा. फक्त निघण्याआधी एक संध्याकाळ ते लेटर घेऊन बसा, कारण त्यातला आकडा आणि बँकेत येणारा आकडा ही दोन सख्खी भावंडं नव्हेत, लांबचे नातेवाईक आहेत.

समजा, तुमचं सीटीसी आहे वर्षाला ४ लाख २० हजार. भागिले बारा, म्हणजे महिना ३५ हजार. बाबांनी गेटवर सांगितलेला आकडा हाच. आता गंमत बघा. यात व्हेरिएबल पे १० टक्के असेल तर महिन्याचे ३,५०० आत्ताच बाजूला झाले. ते वर्षाअखेरी, रेटिंगप्रमाणे, मिळाले तर मिळाले. बेसिक १७,५०० धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे २,१००. तोही बहुतेक ठिकाणी सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे साधारण ८४० रुपयेही त्यातच. कायम नोकरीत ती हातात पडायला साधारण पाच वर्षं काढावी लागतात. उरले २८,५६०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा २,१०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात किती? २६,२६०!

इन्कम टॅक्सची मात्र धास्ती नको. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स पडत नाही. आणि मुलींनो, महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या महिलांना प्रोफेशनल टॅक्स माफ आहे. तरी कापला जात असेल तर स्लिप घेऊन सरळ अकाउंट्समध्ये जा.

हे गणित एवढ्यासाठी, की नव्या नोकरीतले अर्धे घोटाळे या ३५ आणि २६ मधल्या फटीत होतात. घरी ३५ सांगितलेले असतात, मग घरखर्चाला १० देऊ असं ठरतं, बाइकचा हप्ता ३५ च्या हिशोबाने बसतो, आणि वीस तारखेला एटीएमसमोर चेहरा पडतो. म्हणून आमचा फंडा सोपा आहे : पहिले नव्वद दिवस कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. बाइक नाही, भाड्याचा फ्लॅट नाही, क्रेडिट कार्ड नाही आणि राजीनामाही नाही. घरच्यांनाही खरा आकडा पहिल्याच दिवशी सांगून टाका. बाबांना थोडं लागेल, पण दोन महिन्यांनी कळण्यापेक्षा बरं.

आणखी एक. वीस-बावीस तारखेनंतर जॉइन झालात तर बऱ्याच कंपन्यांत पहिला पगार पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर येतो. म्हणजे पाच-सहा आठवडे खिशातूनच काढायचे. पास, डबा, कँटीन, टीमचा बर्थडे केक (हा खर्च दर आठवड्याला कसा निघतो हे एक कोडंच आहे!) यांची सोय आधीच करून ठेवा.

सॅलरी अकाउंट उघडलं रे उघडलं की बँकेचा गोड बोलणारा माणूस तुमच्या डेस्कवर हजर. ‘सर, लाइफटाइम फ्री कार्ड आहे.’ कार्ड फ्री असतं, उधारी नसते. ‘मिनिमम ड्यू’ भरून बाकी रक्कम मागे ठेवलीत तर अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. सोबत विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसीही पुढे सरकवली जाईल. ‘तीन महिन्यांनी या,’ म्हणा. तो येईलच, काळजी नको.

आता प्रवास. मुलुंडला घर आणि सीप्झला ऑफिस म्हटल्यावर पूर्वी बस आणि जेव्हीएलआरचं ट्रॅफिक यातच निम्मा जीव जायचा. जून २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आली आणि चित्र बदललं. ऑक्टोबर २०२४ पासून तर मरोळ नाक्याला उतरून मेट्रो ३ पकडली की थेट सीप्झ. बोरिवलीकरांना जानेवारी २०२३ पासून मेट्रो ७ ने गुंदवलीपर्यंत जाऊन, पुढे वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनवरून मेट्रो १ घेता येते. पण नकाशावर सोपं दिसणारं सकाळी नऊला घाटकोपरच्या ब्रिजवर तितकं सोपं राहत नाही. जॉइनिंगच्या आधी एखाद्या वर्किंग डेला, ऑफिसच्याच वेळेला, दारापासून दारापर्यंत जाऊन बघा. रविवारची ट्रायल धरली जाणार नाही! पहिल्या महिन्यात मासिक पासच काढा, त्रैमासिक नको. टीम, शिफ्ट, कधीकधी ऑफिसच बदलतं. आणि संध्याकाळी अंधेरीहून बोरिवलीला जायला विरार फास्टमध्ये घुसू नका. का, ते एकदा घुसलात की कळेल.

प्रवासाने वैतागून ऑफिसजवळ भाड्याने जागा घ्यायची घाई अनेकांना होते. लीव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी त्यात लॉक-इन असू शकतो. मधेच सोडलात तर डिपॉझिट अडकतं. प्रोबेशन संपायच्या आधी स्वतःला असं बांधून घेण्यात काय मतलब?

ऑफिसातलं काय? इथे इम्प्रेशन मारण्याच्या नादात सगळे एकच गोष्ट विसरतात : विचारायला. पहिल्या पंधरा दिवसांत बॉसकडे दहा मिनिटं मागा आणि सरळ विचारा, ‘तीन महिन्यांनी माझ्याकडून काय झालेलं तुम्हाला हवंय?’ उत्तर मिळालं की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका : ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे मी हे-हे करणार आहे.’ तिसाव्या आणि साठाव्या दिवशी तोच मेल उघडून पुन्हा दहा मिनिटं मागा. प्रोबेशनच्या शेवटी ‘तुझ्याकडून अपेक्षा वेगळ्या होत्या’ हे वाक्य ऐकावं लागणाऱ्यांपैकी कित्येकांना त्या अपेक्षा कधी कोणी सांगितलेल्याच नसतात. त्यांनीही विचारलेल्या नसतात. मराठी मीडियमच्या मुलामुलींना इंग्रजीत प्रश्न विचारायचं जास्त टेन्शन येतं. प्रश्न आधी कागदावर लिहून न्या. वाचून विचारलात तरी चालतं. आणि ज्युनिअरचे प्रश्न पहिल्या महिन्यात गोड वाटतात, सहाव्या महिन्यात तेच प्रश्न कपाळावर आठ्या आणतात. तेव्हा सवलत आहे तोवर वापरून घ्या.

साधारण चाळिसाव्या दिवशी बहुतेकांना नोकरी सोडावीशी वाटते. कॉलेजचा ग्रुप पांगलेला असतो, काम कंटाळवाणं वाटतं, झोप पुरत नाही. अशा वेळी एका कागदावर तीन रकाने करा : काम, माणसं, प्रवास. त्रास नक्की कशाचा होतोय ते लिहा. प्रवासाचा असेल तर येण्याची वेळ तासाभराने पुढेमागे करून मागता येते, आणि कधीकधी मिळतेही. कामाचा असेल तर नव्वद दिवस थांबा. माणसांचा असेल आणि अपमान किंवा छळापर्यंत गेला असेल, तर मात्र आमचा फंडा बाजूला ठेवा. घरी सांगा, एचआरला लेखी कळवा, तारखा लिहून ठेवा. राजीनाम्याआधी प्रोबेशनमधला नोटिस पीरियड आणि बाँड आहे का, हे लेटरमध्ये वाचा. मूळ मार्कशीट मात्र कुठल्याच कंपनीत ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवून परत घ्या.

पीएफचा यूएएन नंबरही जपून ठेवा. तो एकच नंबर पुढच्या सगळ्या नोकऱ्यांत चालतो.

आणि हो, प्रोबेशन संपलं की कन्फर्मेशनचं पत्र टेबलावर आपोआप येईल असं समजू नका. शेवटच्या आठवड्यात एचआरला मेल टाका, बॉसला सीसीमध्ये ठेवा. पत्र हातात आलं, की मग खुशाल बाइकच्या शोरूममध्ये जा, २६ हजारांचा हिशोब घेऊन.