निरपेक्ष शून्यावर सारे थांबते का?



भिगवणच्या मासळी बाजारात सकाळी गेलात, तर माशांवर बर्फाचा चुरा पसरलेला दिसेल. ऊन वर चढले की त्याचे पाणी होऊन ते टोपल्यांतून ठिबकू लागते. स्थायूचा द्रव झाला, हे अवस्थांतर. ते का झाले? उष्णता मिळाली म्हणून. बर्फातील रेणू आपापल्या जागी थरथरत होते. ती थरथर वाढली आणि त्यांची मांडणी मोडली. हे तुम्ही शाळेत शिकला आहात आणि ते बरोबरच आहे.

परंतु या धड्याबरोबर आम्ही शिक्षक आणखी एक वाक्य सांगतो: "उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला, म्हणजे निरपेक्ष शून्य तापमानाला, कणांची सर्व हालचाल थांबते." बारामतीत पदार्थविज्ञान शिकवताना हे वाक्य मीही अनेकदा फळ्यावर लिहिले आहे. ते चूक आहे. ते आपण पुसून टाकावे, एवढेच मला सांगायचे आहे.

इंदापूर तालुक्यातील एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीतील एका मुलीने मला विचारले, "सर, शून्य केल्व्हिनला सगळं थांबतं, तर मग तिथे कुठल्याच पदार्थाची अवस्था बदलणार नाही का?" "नाही बदलणार," मी सांगून टाकले. तिने मान डोलावली आणि पुढे काही विचारले नाही. परतताना एस.टी.त मला हीलियमची आठवण झाली आणि माझे उत्तर मलाच टोचू लागले.

हीलियम वायू ४.२ केल्व्हिनला द्रव होतो. त्यानंतर तो कितीही थंड करा, नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली तो गोठतच नाही! असे का व्हावे? अणू-इलेक्ट्रॉनांच्या जगाचे नियम पुंजयामिकी हे शास्त्र सांगते. त्यातील अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार कणाची जागा जितकी पक्की करावी, तितका त्याचा वेग अनिश्चित होतो. म्हणजेच एका जागी अगदी स्वस्थ बसणे कणाला शक्यच नाही. ही हालचाल उष्णतेमुळे आलेली नाही, म्हणून उष्णता काढून घेतली तरी ती जात नाही. हीलियमचे अणू हलके आणि त्यांचे परस्पर आकर्षण दुबळे. त्यामुळे एवढी हालचालही त्यांना गोठू देत नाही. मात्र दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे २५ पट केला की हीलियम स्थायू होतो. बदल झाला; पण तो दाबाने झाला, उष्णतेने नव्हे.

उष्णतेचा हात न लागता निरपेक्ष शून्यावर घडणाऱ्या अशा बदलांना पुंज अवस्थांतरे म्हणतात. निरपेक्ष शून्यापर्यंत प्रत्यक्ष पोचता येत नाही. पण त्याच्या अगदी जवळच्या तापमानाला या अवस्थांतरांच्या खुणा दिसतात. आणि त्या दाखवणारा एक पदार्थ तुमच्या कंपासपेटीतच दडलेला आहे.

शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन अणूंच्या षटकोनी जाळ्यांची चळत. यातील एकच जाळे म्हणजे ग्रॅफीन. २००४ मध्ये मँचेस्टर येथे गाइम आणि नोव्होसेलॉव्ह यांनी ते चक्क चिकटपट्टीने सोलून काढले. २०१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एक प्रयोग करा. मच्छरदाणीच्या जाळीचे दोन तुकडे एकावर एक ठेवा आणि वरचा किंचित फिरवा. जाळीच्या छिद्रांहून कितीतरी मोठी नक्षी उमटेल. कोन जितका लहान, तितकी नक्षी मोठी. ग्रॅफीनचे दोन थर १.१ अंशाने फिरवले, तर अशी नक्षी सुमारे १३ नॅनोमीटर अंतराने पुन्हा पुन्हा येते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. या कोनाजवळ इलेक्ट्रॉनांची धाव अतिशय मंदावेल, असे बिस्ट्रिट्झर आणि मॅक्डोनाल्ड यांनी २०११ मध्ये गणिताने दाखवले होते. धाव मंदावली की एकमेकांना दूर लोटण्याची इलेक्ट्रॉनांची वृत्ती वरचढ ठरते.

२०१८ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत हारिल्यो-हेरेरो आणि त्यांचे विद्यार्थी यांनी असे थर अतिथंड केले. जवळच्या विद्युत्-अग्राचा दाब बदलून त्यांतील इलेक्ट्रॉनांची संख्या कमीजास्त करता येते. एका विशिष्ट संख्येला थर विजेचे दुर्वाहक बनले. संख्या थोडी बदलताच, सुमारे १.७ केल्व्हिनच्या खाली, ते अतिसंवाहक झाले. विजेला रोधच उरला नाही! पदार्थ तोच, थंडीही तीच. फक्त कळ फिरवली.

हे केवळ परदेशातच चालते असे समजू नका. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथे मंदार देशमुख आणि त्यांचे सहकारी दुहेरी ग्रॅफीनचे दोन पापुद्रे किंचित फिरवून एकावर एक ठेवतात. विद्युत् क्षेत्र बदलत नेले की त्यांतील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांची गुंफणच पालटते. प्रवाहाच्या आडव्या दिशेने निर्माण होणाऱ्या एका सूक्ष्म विद्युत् दाबाचे चिन्ह उलटले, यावरून त्यांनी हा पालट ओळखला. हे काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

काही शिक्षक म्हणतील, "हे अभ्यासक्रमात नाही. आधीच वेळ पुरत नाही." मान्य. नवा धडा घालावा असे मी म्हणत नाही. फळ्यावर एवढेच लिहा: "निरपेक्ष शून्याला उष्णतेमुळे होणारी हालचाल संपते, पण कणांची थोडी हालचाल तरीही उरते." खडू तेवढाच लागेल. पहिले वाक्य ऐकून विद्यार्थी वही मिटतो. दुसरे ऐकून तो विचारतो, "ती कोणती?" त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला देता आले नाही तरी बिघडत नाही. चुकीचे उत्तर देऊन तो मिटवू मात्र नये.

प्रदर्शनातील ती मुलगी हे वाचत असेल, तर तिला माझे सांगणे आहे: बाळ, तुझा प्रश्न योग्य होता. उत्तर माझे चुकले.